मदत हवी आहे: व्हीसॅनवर उरलेले ३ 'इनअ‍ॅक्सेसिबल' नेमस्पेस ऑब्जेक्ट्स डिलीट करावेत का?

४ होस्ट (सर्व्हर), व्हीसॅन ७ (होस्टच्या डिस्क एकत्र करून बनणारं व्हीएमवेअरचं स्टोरेज), सगळीकडे रेड-१ (डेटाच्या दोन प्रती), एफटीटी १ (एक बिघाड झेपतो). एक होस्ट मेंटेनन्समध्ये असताना (सगळा डेटा न हलवता, 'एन्शुअर अ‍ॅक्सेसिबिलिटी' निवडून) दुसऱ्या होस्टची कॅश एसएसडी गेली. कॅश गेली की अख्खा डिस्क ग्रुप जातो, त्यामुळे तिथल्या ताज्या प्रती गेल्या. पहिला होस्ट परत आला, पण त्याच्याकडची प्रत शिळी. विटनेस (फक्त मतापुरता तिसरा छोटा घटक) धरून मतं पुरतात, तरी ऑब्जेक्ट उघडत नाही. ते बरोबरच आहे म्हणा.

एकूण १४ अडकले होते. त्यातले ११ स्वॅपचे (व्हीएमच्या तात्पुरत्या मेमरी फाइल्स), ते आरव्हीसीमधल्या (व्हीस्फिअरचं कमांड-लाइन साधन) पर्ज कमांडने साफ झाले. उरलेले ३ व्हीएमनेमस्पेस, म्हणजे व्हर्च्युअल मशीनचे (व्हीएम) फोल्डर. 'ईएसएक्ससीएलआय व्हीसॅन डीबग ऑब्जेक्ट लिस्ट' चालवली तर तिन्हींचं डिरेक्टरी नेम रिकामं. दोघांचा ग्रुप यूयूआयडी (ऑब्जेक्ट कुठल्या नेमस्पेसचा ते सांगणारा ओळख क्रमांक) दुसऱ्या कुठल्याच ऑब्जेक्टवर नाही, ते ऑब्जटूलने (होस्टवरचं ऑब्जेक्ट काढायचं साधन) उडवायला हरकत दिसत नाही.

अडचण तिसऱ्याची. ४० जीबीची एक व्हीडिस्क हेल्दी आहे, आणि तिचा ग्रुप यूयूआयडी नेमका हाच. व्हीएमडीकेची (व्हर्च्युअल डिस्कची) डिस्क्रिप्टर फाइल, म्हणजे डेटा कुठे आहे ते सांगणारी छोटी फाइल, नेमस्पेसमध्येच असते, म्हणजे डेटा शाबूत पण पत्ता हरवलेला.

नवीन फोल्डरमध्ये हाताने डिस्क्रिप्टर लिहून एक्स्टेंटच्या (आकार आणि डेटाचा पत्ता देणाऱ्या) ओळीत ८३८८६०८० सेक्टर आणि त्या व्हीडिस्कचा यूयूआयडी दिला, तर ती जोडता येईल ना? ग्रुप यूयूआयडी जुनाच राहिला तर जुना नेमस्पेस काढताना व्हीडिस्कला धक्का लागतो का? की आधी क्लोन करून मगच काढावा? बॅकअप ६ दिवस जुना आहे. प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया क्रम सांगावा.