दारातली पावसाळी नाली थेट नाग नदीत पडते. मृगाआधी गल्लीत काय करता येईल?

नंदनवनची ताई:
नागपुरात आमच्या घरापासून नाग नदी चालत पाच मिनिटांवर. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला तेव्हापासून पाणी कुठं मुरतच नाही, सगळं काठच्या जाळीतून नालीत जातं. इतकी वर्षं मला वाटायचं, ते संडास-मोरीच्या गडर लाइनीत जाऊन भांडेवाडीच्या सांडपाणी केंद्रात साफ होत असेल. परवा नाली काढणारे दादा म्हणाले, "नाही ताई, हे सरळ नदीत पडते." खात्री करायला मी चार बादल्या हळदीचं पाणी जाळीत ओतलं, मागून टाकीचा पाइप लावून ठेवला आणि पोराला नदीच्या भिंतीपाशी उभं केलं. थोड्या वेळानं तिथल्या तोंडातून पिवळं पाणी आलं. त्या दिवसापासून चैन नाही.

कारण या जाळीत काय काय जातं ते मी रोज बघते. कोपऱ्यावर बांधकाम सुरू आहे, संध्याकाळी मिक्सर आणि घमेली इथंच धुतात. रेतीचा ढीग अर्धा रस्त्यावर. पलीकडचा स्कूटर दुरुस्तीवाला जळालेलं ऑइल इथंच ओततो. आमच्या पोर्चचं साबणाचं पाणीही यातच जातं. भांडण न करता हे कसं थांबवू? मिस्त्री काका वयानं मोठे आहेत, त्यांना कसं बोलू? आणि जाळीवर मच्छरजाळी बांधली तर चालेल का?

निवृत्त ओव्हरसियर:
ताई, मच्छरजाळी मुळीच बांधू नका. पहिल्याच सरीत पानं-पन्न्या अडकतील, तोंड बंद होईल अन् पाणी तुमच्या पोर्चमध्ये येईल. घाण जाळीपर्यंत पोचूच द्यायची नाही, हाच उपाय.

सर्वांत वाईट असते पहिलं पाणी. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं ऑइल, टायरचा भुगा, धूळ, जनावरांची घाण, सगळं ते पहिल्या सरीत एकदम धुऊन नेते. म्हणून आत्ताच कोरडं झाडून घ्या अन् कचरा पोत्यात भरा. नालीतून काढलेला गाळ काठावरच पडला असेल तर लगेच उचलायला लावा. आमच्या वस्तीत तो पंधरा दिवस तसाच पडला होता, एका पावसात सगळा परत आत.

सिमेंटच्या पाण्यात चुना असतो. मिस्त्र्यांचे हात त्यानंच फाटतात, मग मासोळीचं काय होत असेल? प्लॉटमध्येच एक खड्डा करायला सांगा, धुणं त्यात. पाणी मुरते, खाली बसलेला थर वाळला की फोडून भरावात जाते. रेतीभोवती विटांचे दोन थर अन् वरून ताडपत्री. रेती वाचते म्हटलं की ठेकेदार ऐकते.

अजून एक. भर मे महिन्यात पावसाळी नाली ओली दिसली तर समजा, कोणीतरी मोरीचा नाहीतर संडासाचा पाइप त्यात जोडला आहे.

वाठोड्याचा गॅरेजवाला:
जळालेलं ऑइल फेकणं म्हणजे पैसे फेकणं. आम्ही ड्रममध्ये जमा करतो, परवानावाला येऊन विकत घेऊन जातो. त्या भावाला दोन झाकणाचे कॅन द्या. सांडलं तर पाणी मारू नका, लाकडाचा भुसा टाका, शोषलं की झाडून वेगळ्या पोत्यात. पाणी मारलं की ते नालीतच गेलं समजा.

कुही तालुका:
तुमची नाग कन्हानला मिळते अन् कन्हान आमच्या आंभोऱ्याला वैनगंगेला. पुढं गोसीखुर्द धरणाचं पाणी थांबलेलं, त्यामुळं जे आलं ते इथंच राहते. जलपर्णी इतकी वाढते की ढिवरांचा डोंगा पुढं सरकत नाही, जाळं टाकायला जागा नाही. नागपुरात कोणी हळद ओतून पाहिली, हे वाचून बरं वाटलं ताई.

नंदनवनची ताई:
सगळ्यांचे आभार. कुहीच्या दादांचं मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं.

मिस्त्री काकांना चहा देताना खड्ड्याचं सांगितलं. ते म्हणाले, "आधी कोणी सांगितलंच नाही बाई," आणि दुसऱ्याच दिवशी खणला. ताडपत्री अजून आली नाही, ठेकेदाराच्या मागं लागले आहे. स्कूटरवाल्याला तेलाचे दोन रिकामे कॅन दिले. तो हो म्हणाला, पण काल रात्री जाळीपाशी परत काळा डाग होता. भुसा टाकून झाडला, आज पुन्हा बोलीन. पोर्च आता झाडते आणि ओल्या फडक्यानं पुसते.

ओव्हरसियर काकांनी सांगितल्यावर दुपारी दोन वाजता टॉर्च घेऊन नालीत बघितलं. बाहेर रस्ता तापलेला आणि आत पाणी वाहतंय, साबणाचा फेस. शेजारच्या काकूंच्या वॉशिंग मशीनचा पाइप आहे. उद्या सकाळी त्यांच्याकडे जाते, हळदीपासूनच विषय काढीन.