प्रतिसाद: ग्लू गनने बॅटरी चिकटवू नका

वर कोणीतरी विचारलंय की वायरलेस सेन्सरच्या डबीत लिपो सेल (लिथियम पॉलिमर, मऊ पाउचमधली रिचार्जेबल बॅटरी) ग्लू गनने चिकटवला तर चालेल का, तर प्लीज नका करू. गरम ग्लूने पाउचला चटका बसतो आणि पुढे सेल काढायची वेळ आली की तो खरवडताना पाउच फाटायची भीती. मी लॅमिंग्टन रोडवरून फोमचा डबल साइड टेप आणतो, त्याची एक पट्टी फक्त एकाच बाजूला लावतो, वर थोडी जागा मोकळी ठेवतो कारण लिपो जुना झाला की फुगतो. माझ्या एका डबीत झाकणाचा स्क्रू जरा लांब होता, उघडून बघितलं तर पाउचवर टोकाचा बारीक खड्डा! थोडक्यात वाचलो, तेव्हापासून स्क्रूची लांबी आधी मोजतो आणि पीसीबीच्या (सर्किट बोर्डच्या) खालच्या सोल्डरच्या टोकांवर कॅप्टॉन टेप (उष्णता सहन करणारा इन्सुलेशन टेप) मारतो.

आणि सीआर २०३२ (नाण्यासारखा चपटा बटण सेल) वापरत असाल, घरात लहान मूल असेल तर झाकण स्क्रूचंच हवं, नुसतं क्लिपचं नको, गिळलेला सेल २ तासांत अन्ननलिका जाळू शकतो.