मदत हवी आहे: ग्रीसमधलं जेवण, एकाच हॉटेलबद्दल इतकी टोकाची मतं कशी?

नमस्कार मंडळी,

जूनच्या सुरुवातीला अथेन्स, मग सॅन्टोरिनी आणि शेवटी क्रीटमधलं हानिया असा बेत आहे. आम्ही दोघं, नववीतली लेक आणि सासूबाई. तिकिटं, राहणं सगळं झालंय. घोडं अडलंय जेवणावर.

माझी मामेबहीण आणि ऑफिसातला एक मित्र, दोघंही अथेन्सच्या प्लाका भागातल्या एकाच तव्हेर्नात (तिकडची साधी खानावळ) जेवून आलेत. बहीण अजून धुमसतेय. न मागता ब्रेड आणि ऑलिव्ह आले, त्याचे माणशी पैसे लावले. मासा घेतला तर मेन्यूतला आकडा किलोचा निघाला. मुसाका (वांगी-खिम्याचा भाजलेला पदार्थ) कोमट. बिलासाठी अर्धा तास ताटकळले, वेटर ढुंकूनही बघेना. मित्र मात्र त्याच जागेची आरती ओवाळतो. म्हणे शेवटी गोड पदार्थही फुकट दिला. नेटवरचे अभिप्राय वाचावेत तर तिथेही तेच, एक तर पाच तारे नाही तर एक.

खरं काय समजायचं? शिवाय सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. कांदा-लसूण चालतो. त्यांना साडेसातला जेवायची सवय. कुणी जाऊन आलं असेल तर सविस्तर सांगा, प्लीज.

– भातुकली

*

इंजिनरूम:

बोटीवरच्या नोकरीमुळे पिरेअसला (अथेन्सचं बंदर) बरंच राहणं झालंय, म्हणून लिहितो. तुमची बहीण आणि मित्र दोघंही खरं बोलतायत. फरक बहुतेक स्वयंपाकात नाही, ऑर्डरमध्ये आहे.

ब्रेडचे पैसे ही तिथली जुनी रीत, त्याला 'कुवेर' म्हणतात. सहसा माणशी एखादा-दोन यूरो, मेन्यूत छापलेले असतात. नको असेल तर टोपली टेबलावर आल्याआल्या सांगायचं, बहुतेक ठिकाणी मुकाट परत नेतात. खाल्ल्यावर भांडण्यात अर्थ नाही.

अख्खा ताजा मासा किलोवरच विकतात. रिवाज असा की आत जाऊन मासा बघायचा, समोर वजन करून घ्यायचं, रक्कम विचारायची आणि मगच 'भाजा' म्हणायचं. वजन न विचारता मान डोलावली की संपलं. मेन्यूत पदार्थापुढे चांदणीची खूण (*) किंवा 'κατ.' दिसलं तर माल फ्रोझन आहे. हे लिहिणं त्यांना बंधनकारक आहे, त्यामुळे पर्यटकांच्या गल्लीतही वाचायला मिळतं.

मुसाका सकाळी मोठ्या ट्रेमध्ये भाजून ठेवतात. तो आणि तेलातल्या भाज्या तिथले लोक कोमटच खातात. आपल्याला वाटतं शिळं दिलं. गरम हवं असेल तर आधी सांगा.

आणि बिल मागितल्याशिवाय आणणं तिथे उद्धटपणा समजतात, 'उठा आता' म्हटल्यासारखं. हवेत सही केल्याची खूण करा, मिळेल.

*

खडूस_पेन्शनर:

इंजिनरूम, तुम्ही फारच सांभाळून घेताय. परदेशी माणूस वजन विचारणार नाही हे वेटरला पक्कं ठाऊक असतं. 'किलो' बारीक अक्षरात आणि फोटो पानभर, याला रीत म्हणत नाहीत. दारात उभं राहून 'इंडिया? नमस्ते! कम कम' करणाऱ्याच्या हॉटेलात मी तरी पाय ठेवत नाही.

*

इंजिनरूम:

दारातल्या माणसाबद्दल सहमत. मीही अशा जागा टाळतो. प्लाकापेक्षा प्सिरी किंवा कुकाकी भागात जा, गिऱ्हाईक बरंचसं स्थानिक असतं.

एक हत्यार मात्र तुमच्या हातात आहे. कायदेशीर पावती मिळाली नाही तर ग्राहकाला पैसे द्यायचं बंधन नाही. ही ओळ मेन्यूवरच छापलेली असते. वहीच्या कागदावर आकडा खरडून आणला तर शांतपणे छापील पावती मागा, आकडा कधीकधी आपोआप उतरतो. फारच वाजलं तर पर्यटक पोलिसांचा नंबर 1571. टिप सक्तीची नाही, वरचे सुटे किंवा पाच-दहा टक्के ठेवले की झालं.

*

भाजणी:

सासूबाईंची अजिबात काळजी करू नका, माझी आई तिथे मजेत जेवली. ऑर्थोडॉक्स (तिथला ख्रिस्ती पंथ) लोकांचे उपास वर्षभर चालू असतात, त्यामुळे बिनमांसाचं जेवण त्यांना नवीन नाही. 'नीस्तीसिमो' म्हटलं की मांस, अंडं, दूध सगळं वगळतात. पण त्या उपासाला ऑक्टोपस, कोळंबी, माकुल चालतात! म्हणून 'खोरिस क्रेआस' (मांस नको) आणि 'खोरिस थालासिना' (कोळंबी, माकुल वगैरे नको) हेही सांगा. आम्ही ग्रीक लिपीत लिहिलेली चिठ्ठीच दाखवायचो.

मागवायला: फावा (पिवळ्या डाळीचं घट्ट वरण म्हणा, सॅन्टोरिनीचं प्रसिद्ध आहे), टोमॅटोच्या रश्श्यात भाजलेले मोठे पांढरे घेवडे म्हणजे यीगांतेस, फासोलाकिया म्हणजे फरसबी, ब्रिआम म्हणजे भाजलेल्या मिश्र भाज्या, मेलित्झानोसालाता म्हणजे भाजलेलं वांगं. भात भरलेले टोमॅटो आणि द्राक्षाच्या पानांचे दोल्मादेस घेताना नक्की विचारा, दोन्ही खिमा घालूनही करतात. भाज्यांच्या वड्यांत अंडं असू शकतं, आणि फ्राइज मासे तळलेल्याच तेलात तळतात का तेही बघा. जेवण बेचव वाटलं तर 'बूकोवो' मागा, मिरचीचे फ्लेक्स मिळतील. आईने पर्समधून मेतकूट काढलं ते वेगळं.

साडेसातचं काय घेऊन बसलात, तिथले लोक नऊ-दहाला जेवायला बाहेर पडतात. सातला गेलात तर निवांत टेबल मिळेल, आजूबाजूला सगळे पर्यटक दिसतील इतकंच. त्यापेक्षा मुख्य जेवण दुपारी 'मायिरिओ'त (तयार पदार्थांची खानावळ) करा. काचेमागे ट्रे मांडलेले असतात, बोट दाखवायचं, भाषेची गरजच नाही. स्वस्तही पडतं.

*

भातुकली:

किती मुद्देसूद सांगितलंत! सासूबाईंना वाचून दाखवलं. फावा ऐकून खुलल्या, पण 'मेतकूट आपणही नेऊ' म्हणाल्या. 😄

एक शंका राहिलीय. सॅन्टोरिनीत इया गावी सूर्यास्त बघत जेवायचं असं लेकीने ठरवलंय. टेबल आधी बुक करायचं म्हणतात आणि माणशी किमान खर्चाची अट दिसतेय. करावं का?

*

भाजणी:

मी नाही करणार. काल्देराच्या (ज्वालामुखीच्या विवराच्या) कड्यावर पैसे देखाव्याचे मोजायचे आणि वर सूर्य मावळेपर्यंत ताटाकडे कुणाचं लक्षही नसतं. जूनमध्ये तो साडेआठच्या सुमारास मावळतो. सूर्यास्त रस्त्यावरून फुकट बघा आणि जेवायला आतल्या गावांत जा, पिरगोस किंवा मेगालोखोरी. पाणी मात्र तिथे बाटलीचंच. अथेन्समध्ये नळाचं चालतं, जग भरून मागा.

*

खडूस_पेन्शनर:

लेकीचं मन मोडू नका हो. इयाला एखादं पेय घेऊन बसा, पण बसण्याआधी मेन्यू हातात घेऊन दर बघा. खाली अमूदी बंदरावर माशांची हॉटेलं छान आहेत, पण दोनशेहून जास्त पायऱ्या आहेत. सासूबाईंना पायऱ्यांनी नेऊ नका, गाडीरस्ता आहे.

*

इंजिनरूम:

हानियाबद्दल कुणीच लिहिलं नाही. जुन्या बंदराच्या अगदी काठावरची हॉटेलं फोटोपुरती. दोन गल्ल्या आत शिरा, तिथे 'दाकोस' घ्या: जवाचा कडक टोस्ट, वर किसलेला टोमॅटो आणि चीज. जेवण संपलं की क्रीटमध्ये न मागता फळं किंवा काहीतरी गोड आणि राकीची (तिकडची कडक दारू) छोटी बाटली येते. ती खरोखर फुकट असते, बहिणीला सांगा.