मदत हवी आहे: कॉक्सिनेलचं जुनं चरित्र

पॅरिसची ट्रान्स कलाकार कॉक्सिनेल माहितीये ना कुणाला, १९५३ला मादाम आर्थर या कॅबरे क्लबच्या स्टेजवर आली, मग कारूसेल हा दुसरा क्लब गाजवला आणि १९५८ला कासाब्लांकात डॉ. बुरूंकडे लिंगबदलाचं ऑपरेशन करून आली ती. तिच्यावर मारिओ कोस्टानं ६०च्या सुरुवातीला चरित्र लिहिलंय, इंग्रजीत ‘रिव्हर्स सेक्स’ (नाव बघा काय दिलंय, तेव्हाचे प्रकाशक पण ना!). एक विक्रेता देतोय पण फोटोत कणा फाटलेला, पानं पिवळीधम्मक, मधली फोटोंची पानं सुटून आलीत आणि किंमत ऐकून घरच्यांना सांगायची हिंमत नाही. पॅरिस-लंडनला कुणी आहे का, लायब्ररीत बघून देईल? पानं स्कॅन करून मिळाली तरी चालेल, फ्रेंच असलं तरी पळेल.