मदत हवी आहे: न्यू गिनीतल्या काजव्यांच्या जुन्या नमुन्यांची प्रजात ठरवायची आहे

माझ्याकडे अभ्यासासाठी टाचणीवर टोचलेले तीन काजवे आले आहेत. लेबलवर फक्त 'टेरॉप्टिक्स, न्यू गिनी' एवढंच (टेरॉप्टिक्स हा काजव्यांचा एक वंश, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट). तिन्ही नर आहेत: पोटाच्या शेवटच्या दोन खंडांवर प्रकाशअवयव दिसतो, मादीत तो एकाच खंडावर असतो. वरच्या टणक पंखांची टोकं खाली दुमडलेली आहेत. लेबल बहुधा त्यावरूनच लावलं असावं.

पण २०१३मध्ये कीटकशास्त्रज्ञ लेस्ली बॅलंटाइन आणि ख्रिस्टीन लॅम्बकिन यांनी या गटाची फेरमांडणी केली, तेव्हा ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडच्या अशा दुमडलेल्या पंखांच्या प्रजाती मेडिऑप्टेरिक्स या नव्या वंशात गेल्या. म्हणजे नुसत्या पंखांवरून वंश ठरत नाही, आणि फक्त ठिकाण बघून नाव बदलणं मला पटत नाही.

भिंगाखाली रंग, लांबी, शेवटच्या खंडाची कड पाहून झाली; फोटोही काढलेत. प्रजातीपर्यंत पोचायचं तर नराचं जननांग बघावंच लागेल. एकच नमुना उघडायची परवानगी आहे. डीएनएसाठी पाय तोडायची नाही. चमकण्याची लय कुणी नोंदवलेली नाही, त्यामुळे तो मार्गही बंद.

अडचण अशी: नेहमीप्रमाणे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पोट ठेवलं तर मऊ ऊती विरघळतात, त्यात प्रकाशअवयवही जाईल. त्याचा आकार तर ओळखीसाठी महत्त्वाचा!

इतका वाळलेला काजवा मऊ करून, सातव्या, म्हणजे शेवटच्या खंडावरचा प्रकाशअवयव शाबूत ठेवून, जननांग कुणी बाहेर काढलंय का? छेद नेमका कुठे घेतलात?