पेटंट म्हणजे रिकामटेकड्यांचे चोचले?

नोझलवाला, निफाड
परवा इथे भोसरीच्या एका कारखानदाराने लिहिलं : ‘पेटंटच्या नादी लागू नका. माल काढा, विका. कॉपी झाली तर पुढचं मॉडेल काढा.’ खाली नुसती वाहवा. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

द्राक्षबागेच्या ब्लोअरसाठी मी नोझल बनवला. थेंब बारीक, औषध पानाच्या पाठीलाही बसायचं. कृषी प्रदर्शनात स्टॉल लावला. एक जण दोनदा आला, मोबाइलवर फोटो काढले, एक नग रोखीने घेऊन गेला. पुढच्या छाटणीला तोच नोझल निम्म्या भावात दुकानात! प्रेशर गेज लावून बघायला मी बाजूला भोक पाडलं होतं, मग बोल्ट मारून बुजवलं. नकलेलाही तो बोल्ट आहे. कशासाठी, ते करणाऱ्याला ठाऊक नाही, पण आहे. वकील म्हणाला, मांडलंत, विकलंत, आता नावीन्य संपलं, पेटंट मिळायचं नाही.

भोसरीकर
दादा, वाईट झालं. पण पेटंट असतं तर काय केलं असतंत? दावा? इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवायच्या पेटंटवरून बजाज-टीव्हीएसचं २००७ ला जुंपलं, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०१९ ला तडजोड. त्यांच्याकडे वकिलांची फौज. माझ्याकडे दोन सीएनसी मशीन, त्याही हप्त्यावर. शिवाय अर्ज १८ महिन्यांनी छापून सगळ्यांपुढे उघडा. माझं गुपित मीच का छापू?

नमुना नंबर दोन
पान्याने उघडता येतं त्याला गुपित म्हणत नाहीत. हीट ट्रीटमेंटची रीत असेल तर खुशाल झाकून ठेवा.

नोझलवाले, मी पेटंट एजंट, हेच अर्ज भरून देतो. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाकायचा, मग स्टॉल. स्वतःच्या नावाने ऑनलाइन भरलं तर सरकारी फी १,६०० रुपये. त्या दिवसाची तारीख पक्की, पूर्ण अर्जाला १२ महिने. तेवढ्यात गिऱ्हाईक बघा, चालत नसेल तर सोडून द्या. अमेरिकेत स्वतः उघड केलं तरी वर्षभर सवलत असते, ते यूट्यूबवर ऐकून लोक इथे फसतात. आपल्याकडची सवलत केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनाला. तालुक्याच्या मंडपाला नाही.

भोसरीकर
१,६०० सरकारचे. तुमचे किती, ते सांगा की.

नमुना नंबर दोन
जास्त आहेत. क्लेम, म्हणजे नेमका हक्क कशावर ते, ढिसाळ लिहिला तर शेजारचा तेच भोक इंचभर सरकवून निसटतो. ते होऊ नये याचे घेतो.

धानकरी, नागभीड
चालू द्या. आमच्या तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे आठवतात का कुणाला? पटेल-३ धानाच्या बांधीत पिवळसर दाण्याच्या लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या खुडून, वर्षानुवर्षं पेरून वाण उभा केला. घड्याळ एचएमटीचं गाजत होतं, म्हणून नाव तेच. कृषी विद्यापीठाने बियाणं नेलं, १९९८ ला ‘पीकेव्ही एचएमटी’ आलं. दादाजी २०१८ ला गेले, तेही पैशाच्या ओढाताणीत. त्यांनी कुठला नमुना भरायला हवा होता?

नमुना नंबर दोन
उदाहरण चुकीचं. वनस्पतीच्या वाणाला आपल्याकडे पेटंट नाही. त्याचा कायदा वेगळा, २००१ चा. १९९८ ला भरायला नमुनाच नव्हता.

धानकरी, नागभीड
मग उदाहरण कसं चुकलं? कायदा उशिरा आला! नाशिकच्या बोल्टवर एवढी हळहळ. आमचा तांदूळ पुण्यात विकत घेऊन खाता, आणि माणसाचं नाव काढलं की ‘उदाहरण चुकीचं’.

नोझलवाला, निफाड
इथे नाशिक-विदर्भ कुठून आलं? मी कुणाचा तांदूळ चोरला?

धानकरी, नागभीड
चोरला नाही म्हटलं. खाल्ला म्हटलं.

हंगामी मास्तर
विद्यापीठांचं काय घेऊन बसलात. आमच्या कॉलेजात एका ‘शोधा’वर अर्ध्या डिपार्टमेंटची नावं. यंत्राचं बटण कुठे, ते शिपायाला विचारतात. प्रमोशनला पॉइंट हवेत, पैसे भरा, नाव घाला. नोंदवतात नुसतं डिझाइन, म्हणजे वस्तूचं बाहेरचं रूप, आणि बोर्डावर लिहितात ‘पेटंट’. आम्ही तासिका तत्त्वावर, आम्हाला ते परवडतही नाही.

भोसरीकर
बघा! भिंतीवरची फ्रेम. मी दुसरं काय म्हणत होतो?

हंगामी मास्तर
मला तुमच्या बाजूला ओढू नका. पेटंटने पैसा येतोच असं नाही, कबूल. पेटंट न घेतल्याने येतो, हे कुठे लिहिलंय?

नोझलवाला, निफाड
तुमचं ‘पुढचं मॉडेल’ तुमच्या लाइनीत चालतं, भोसरीकर. फवारणीचा हंगाम हुकला की आमचं वर्ष गेलं. नवा नोझल काय गणपतीत विकू?

भोसरीकर
बरं, हंगामाचं मान्य. फक्त हंगामाचं. एक फिक्स्चर करतोय, त्याचं प्रोव्हिजनल टाकतो, १,६०० गेले तर गेले. पण कोर्टाची वेळ आली तर नमुना दोन साहेबांनी फुकट उभं राहायचं.

नमुना नंबर दोन
मी एजंट आहे, वकील नाही. कोर्टात मला उभं करत नाहीत.

भोसरीकर
वा! म्हणजे पेटंट हातात येईपर्यंत तुम्ही, मार खायला आम्ही.

धानकरी, नागभीड
भांडून झालं असेल तर वाणाचा अर्ज कुठे करायचा, तेवढं सांगा. गावात एकाने तुडतुड्याला दाद न देणारं धान काढलंय.

नमुना नंबर दोन
दिल्लीच्या पीक-वाण संरक्षण प्राधिकरणाकडे. शेतकऱ्याच्या वाणाला फी नाही. बियाणं आधी कुणाला दिलंय का?

धानकरी, नागभीड
अर्ध्या गावाला.

नमुना नंबर दोन
चालतं. त्या कायद्यात शेतकऱ्याच्या वाणाला नावीन्याची अट नाही.

नोझलवाला, निफाड
घ्या! यांनी गावभर वाटलं तरी चालतं, आणि मी एक नग विकला तर संपलं?