चाळिशीतल्या खुब्याला सिरॅमिकचं लायनर की पॉलीचं?

धागाकर्ता: सोलापुरात बिडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन दिवसभर मांडी घालून बसते. यंत्रमागावरचा कामगार पाळीभर उभा असतो. चाळिशीत खुबा बदलला तर तो तीस वर्षं तरी टिकायला हवा. म्हणून मांडीच्या हाडातल्या दांड्यावर बसणारा गोळा सिरॅमिकचा आणि तो ज्यात फिरतो ते लायनर, म्हणजे ओटीपोटाच्या हाडात बसवलेल्या वाटीचा आतला थर, तेही सिरॅमिकचंच, असं माझं ठाम मत. पॉलीचे, म्हणजे पॉलिएथिलीन प्लास्टिकचे, झिजून सुटणारे कण मायक्रॉनहून बारीक असतात. भक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत, आणि त्यांच्या स्रावांमुळे वाटीमागचं हाड खंगत जातं. बराच काळ दुखतसुद्धा नाही, वाटी हलली की मगच कळतं.

खुबेतज्ज्ञ: हे जुन्या पॉलीचं झालं. ती हवेतच गॅमा किरणांनी निर्जंतुक करायचे. मग किरणांनी रेणू तुटून उरलेल्या रॅडिकल्सना ऑक्सिजन लागून लायनर पाकिटात पडल्यापडल्या ठिसूळ व्हायचं. कापलं तर पृष्ठभागाखाली पांढरा पट्टा दिसायचा. क्रॉसलिंक्ड पॉलीला, म्हणजे जिच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात तिला, साधारण ५ ते १० मेगारॅड किरणांची मात्रा देऊन नंतर वितळवतात किंवा तापवतात, काहींत व्हिटॅमिन ई घालतात. जुनी वर्षाला सुमारे ०.१ मिमी झिजायची, ही ०.०५ च्या खाली राहते, आणि तिथे हाड खंगणं विरळाच. शिवाय खोल बैठकीत दांड्याची मान वाटीच्या काठावर आदळते. पॉलीला खाच पडते, सिरॅमिकचा टवका उडतो.

धागाकर्ता: पण क्रॉसलिंकिंगमुळे चिवटपणाही घटतो. ३६ मिमीचा गोळा मावावा म्हणून लायनर पातळ करायचं आणि वाटी उभी बसवायची, मग काठाला तडा जाणारच.

खुबेतज्ज्ञ: तर मग छोट्या वाटीत ३२ चा गोळा घ्या! सिरॅमिक फुटलं तर काय होतं तेही बघा. कणी सांध्याच्या अस्तरात रुतून बसते. पुढच्या शस्त्रक्रियेत कोबाल्ट-क्रोम धातूचा गोळा घातला तर ती त्याला कानशीसारखी खाते. म्हणजे अस्तर खरवडून काढा आणि जुन्या टेपरवर, म्हणजे दांड्याच्या मानेच्या निमुळत्या टोकावर, टायटॅनियमच्या स्लीव्हसकट सिरॅमिकचा गोळा बसवा. प्रयोगशाळेत धातूवर धातूची जोडीही कमीच झिजायची, तरी २०१० साली एएसआर नावाचा तसला खुबा बाजारातून परत घ्यावा लागला.

तिसरा प्रतिसाद: दोघेही वाटीचा कोन विसरताय. वाटी ४० अंशांच्या आसपास हवी. ५५ वर गेली की भार काठावर येतो. मग पॉली झिजते, सिरॅमिक कुरकुरतं. गोळा ठोकण्याआधी टेपर धुऊन कोरडा केलाय का, हेही बघा. रक्त किंवा हाडाची कणी राहिली तर तिथे गंज धरतो, सिरॅमिकचा गोळा फुटूही शकतो. आणि भागांचे स्टिकर रुग्णाच्या फाईलमध्ये हवेतच, नाहीतर वीस वर्षांनी कुठलं लायनर मागवायचं?

धागाकर्ता: मांडीवाल्यांपुरता काठाचा मुद्दा मान्य, त्यांना क्रॉसलिंक्ड पॉलीवर सिरॅमिकचा गोळा. मागावाल्यासाठी माझं मत तेच.